आधी सिलिंडर, मग मशीन

वर्कशॉपसाठी वेल्डिंगची ट्रॉली करायची म्हटलं की सगळ्यात आधी मोजलं जातं ते मशीन. त्याची लांबी, रुंदी, पुढचं पॅनेल, मागचा पंखा. त्या मापाचा कप्पा आखला जातो, चाकं ठरतात, आणि सगळं झाल्यावर मागच्या बाजूला सिलिंडरसाठी एक पत्रा नि एक साखळी जोडली जाते. माझा हिशेब उलटा आहे. ट्रॉली सिलिंडरची करायची. तो नीट उभा राहिला आणि नीट चालला, की मशीनला जागा कुठेही सापडते.

कारण वजनात आहे. मी काम शिकलो तेव्हा शॉपमध्ये तेलाचा ट्रान्सफॉर्मर असायचा. तो हलवायचा म्हणजे दोघा-तिघांचं काम. आता २०० अँपिअरचा इन्व्हर्टर एका हातात घेऊन शिडी चढता येते. मशीन हलकं झालं, सिलिंडर मात्र होता तसाच राहिला. नेहमीच्या मोठ्या सिलिंडरची क्षमता साधारण ४७ लिटर, व्यास सुमारे २३ सेंटिमीटर, उंची खांद्याला लागेल इतकी, आणि रिकामा असतानाही वजन ५० किलोच्या आसपास. आर्गन भरला की त्यात दहा-बारा किलोंची भर पडते. कार्बन डायऑक्साइड आत द्रवरूपात असतो, त्यामुळे तो भरला की तब्बल ३० किलोंची. ट्रॉलीवरचं सगळ्यात जड, सगळ्यात उंच आणि सगळ्यात अरुंद बुडाचं सामान हेच. जमिनीवर एकट्या उभ्या सिलिंडरचा गुरुत्वमध्य बुडापासून सुमारे ७० सेंटिमीटरवर येतो आणि बुडाची त्रिज्या असते साडेअकरा. म्हणजे तो नऊ-साडेनऊ अंश कलला की पडलाच. आर्गन साधारण १५० बार दाबाने भरलेला असतो. पडताना व्हॉल्व्ह तुटला तर ते धूड कुठे जाऊन थांबेल याचा नेम नाही.

माझ्या भाच्याने गोकुळ शिरगावला छोटं फॅब्रिकेशन शॉप टाकलं. मिग मशीन घेतलं, आणि त्यासोबत खोक्यातून सुटी येणारी, नट-बोल्टनी जोडायची ट्रॉलीही घेतली. त्याचा फोन आला, "मामा, तेवढी ट्रॉली जोडायला या की. मशीन बसतंय का बघूया."

मी विचारलं, "टाकी केवढी घेणार हाईस?"

"मोठीच. छोटी परवडत नाही, सारखं भरायला पळावं लागतंय."

तिथेच ट्रॉलीचा निम्मा नकाशा ठरला. खोक्यातली ट्रॉली वाईट नव्हती. वरचा कप्पा थोडा तिरका होता, त्यामुळे उभ्या माणसाला पॅनेलवरचे आकडे वाकल्याशिवाय दिसत. केबल अडकवायला हुक होते. पण पत्रा पातळ, पुढची चाकं जेमतेम दोन इंची, आणि टाकीचा पाट दहा लिटरच्या सिलिंडरला साजेसा. हलक्या मशीनला आणि छोट्या टाकीला, गुळगुळीत फरशीवर, तीच ट्रॉली उत्तम. बाजारात ट्रॉली बघणाऱ्याला मी एवढंच सांगतो, की खोक्यावर मशीनचं चित्र असतं, ते बाजूला ठेवा आणि टाकीच्या पाटाला पट्टी लावा. २३ सेंटिमीटरचा गोल त्यात बसून वर बोटभर जागा राहते का, पाटाखाली आडवी पट्टी आहे का, आणि मागच्या चाकांमधलं अंतर टाकीच्या व्यासापेक्षा भरपूर जास्त आहे का, हे पाहा. आम्ही वरचे दोन्ही कप्पे ठेवले आणि खालचा पाया नवा केला.

पायासाठी ४० बाय ४० चा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला. तो मीटरला अडीच किलोंच्या आतच भरतो. यापेक्षा जाड अँगल वापरून ट्रॉली दणकट दिसते, पण ढकलणाऱ्याला ते वजन दिवसभर ओढावं लागतं. जिथे खरा भार येतो, म्हणजे टाकीच्या पाटाखाली, तिथेच ५ मिलिमीटरची प्लेट टाकली.

चाकांवर मात्र मी वेळ घालवतो. एक हिशेब प्रत्येक फॅब्रिकेटरने एकदा कागदावर करून बघावा. शटरच्या उंबऱ्याला २ सेंटिमीटर उंचीचा लोखंडी चॅनल आहे असं धरा. त्यावरून चाक चढवायचं, तर ५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला त्याच्यावरच्या वजनाच्या जवळजवळ पाचपट आडवा जोर लागतो. १० सेंटिमीटरच्या चाकाला सव्वापटीहून थोडा जास्त. २० सेंटिमीटरच्या चाकाला फक्त पाऊणपट. छोटं चाक चॅनलला अडतं, वरून माणूस जोर लावतो, आणि जोर लागतो हँडलला, म्हणजे कमरेच्या उंचीवर. चाक जागचं हलत नाही, ट्रॉली पुढे कलते. ट्रॉल्या पडतात त्या अशा. जागेवर उभी असलेली ट्रॉली सहसा कोणी पाडत नाही. म्हणून माझी परीक्षा नेहमी उंबऱ्यावर, गटारावरच्या जाळीवर आणि शॉपच्या बाहेरच्या खडबडीत कोब्यावर असते.

टाकीच्या बाजूला आठ इंची, रबर चढवलेली, न फिरणारी दोन चाकं बसवली. हँडलच्या, म्हणजे पुढच्या बाजूला पाच इंची, ब्रेकची, फिरणारी दोन. मोठी चाकं आधी उंबऱ्यावर चढतात आणि वळण हँडलपाशी मिळतं. फिरत्या चाकाची एक खोड लक्षात ठेवावी लागते. ते आपल्या खिळीभोवती फिरतं, त्यामुळे ट्रॉली उलट ओढली की चाक आतल्या बाजूला येतं आणि ट्रॉलीचं बूड त्या बाजूने आकसतं. पाया आखताना चाक आत वळलेल्या स्थितीतलं अंतर धरायचं. आम्ही पुढच्या चाकांच्या प्लेटा चौकटीच्या बाहेर काढल्या, त्या एवढ्यासाठीच.

भाराचा हिशेब करताना एकूण वजनाला चारने भागायचं नाही, तीनने भागायचं. उंचसखल जमिनीवर एक चाक बहुतेक वेळा अधांतरी असतं. टाकी ८०, मशीन ३०, तारेचं रीळ १५, चौकट आणि केबल मिळून ३०. सगळे मिळून १५५ किलो. म्हणजे प्रत्येक चाकाने ५०-५५ किलो सोसायला हवेत, आणि खड्ड्यात आदळल्यावर ते दुप्पट होतात असं समजून मी चाक निवडतो. पॉलियुरेथेनची चाकं फरशीवर छान, आवाज न करता चालतात, पण लेथच्या बारीक चिप्स त्यांच्यात रुतून बसतात आणि गरम ठिणगीचा डाग कायमचा राहतो. ओतीव लोखंडाचं चाक ठिणगीला भीत नाही. फक्त त्याच्या खडखडाटाने रेग्युलेटरचे काटे हलत राहतात, ते मला बरं वाटत नाही.

टाकीचा पाट जमिनीपासून जितका खाली घेता येईल तितका घ्यावा. आम्ही सहा सेंटिमीटरवर ठेवला. आठ इंची चाकांचा आस पाटाच्या मागून काढला, म्हणून हे जमलं. यात दोन फायदे. गुरुत्वमध्य खाली येतो, आणि टाकी चढवताना उचलावी लागत नाही. ती बुडाच्या कडेवर कलवून, फिरवत आणून पाटावर सरकवता येते. एकटा हेल्परसुद्धा ते करतो, पाठीचा बळी न देता. पाटाला दोन-तीन अंशांचा उतार आतल्या बाजूला दिला, म्हणजे साखळी सोडली तरी टाकी चौकटीवर रेलून राहते. पाठीमागे अँगलचे दोन व्ही-आकाराचे टेकू, त्यांवर जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे. साखळ्या दोन हव्यात, एक वरच्या तिसऱ्या भागात, एक खाली. एकाच साखळीने बांधलेली टाकी तिच्याभोवती झुलते. दोरी अजिबात नको. ठिणगीने ती आतून कधी जळाली ते कळत नाही.

रबराचे तुकडे नुसत्या खडखडाटासाठी नाहीत. सिलिंडर वेल्डिंगच्या सर्किटचा भाग होता कामा नये. होल्डर टाकीच्या मानेला अडकवायची सवय मी शॉपमध्ये दिसली की तिथेच थांबवतो. टाकीवर एकदा जरी आर्क पडला, तरी त्या जागचं पोलाद कडक आणि ठिसूळ होतं, आणि वर दाब तर कायमचाच. म्हणून होल्डरला ट्रॉलीवर स्वतःची जागा हवी, आणि ती टाकीच्या बाजूला नको. आम्ही बेकेलाइटच्या तुकड्यावर हुक बसवला. अर्थिंगचा क्लॅम्प विरुद्ध बाजूला, एका उघड्या पट्टीवर.

केबलचे हुक हा विषय लहान वाटतो, पण मिगचं निम्मं दुखणं तिथून सुरू होतं. टॉर्चच्या आत लायनर असतो, त्यातून तार सरकत येते. अरुंद हुकावर टॉर्च रोज लटकली की लायनरला मोड बसतो, तार अडकत अडकत येते, आर्क थडथडतो, आणि वेल्डर बिचारा करंट आणि फीड फिरवत बसतो. सहा इंची पाइपचा अर्धा उभा कापलेला तुकडा वेल्ड करून तोच हुक म्हणून वापरावा. केबल त्यावर मोकळ्या वळणात बसते. आणखी एक गोष्ट, काम सुरू असताना जादा केबल त्या लोखंडी हुकावर गुंडाळून ठेवू नये. ती गुंडाळी स्वतःच कॉइल होते, एसीवर करंट पडतो, आणि आतली उष्णताही बाहेर पडत नाही. केबल जमिनीवर मोकळी सोडावी, काम संपलं की हुकावर.

चौकट जोडताना चारही कोपऱ्यांना आधी नुसते टाके मारले, गुण्या लावला, आणि मग दोन्ही कर्ण मोजले. कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात. पातळ पाइप वेल्डच्या बाजूला ओढला जातो, म्हणून एक कोपरा झाला की समोरासमोरचा दुसरा घ्यायचा, एका बाजूने सलग जायचं नाही. खोक्यातल्या कप्प्यांचे बोल्ट आधी सगळे सैल घातले. ट्रॉली समतल जागेवर चाकांवर उभी केली, चारही चाकं टेकली याची खात्री केली, आणि मगच आवळले. आधी आवळले तर वाकडेपणा चौकटीत कायमचा राहतो. साधे नट काढून नायलॉकचे घातले, कारण खडखडाटाने साधे नट सुटतात.

भाच्याला खालच्या कप्प्यात ड्रॉवर हवे होते, आणि ग्राइंडरही तिथेच टांगायचा होता. दोन्हीला मी नाही म्हटलं. ड्रॉवर जुन्या टिपांनी आणि बोथट डिस्कनी भरतात आणि ट्रॉली उगाच जड होते. ग्राइंडर जवळ असला की कोणीतरी मशीनच्या मागेच घासायला बसतो. इन्व्हर्टरचा पंखा ती लोखंडी धूळ आत ओढतो, आणि ती सर्किटवर बसली की काही महिन्यांत मशीन दुरुस्तीला. मशीनच्या मागे वीतभर मोकळी जागा पंख्यासाठी, आणि घासण्याचं काम वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला. खालच्या कप्प्यात वायर ब्रश, पक्कड, टिपांची एक डबी, चष्मा, हातमोजे आणि कोरड्या पावडरचं अग्निशामक. एवढं पुरतं. वायर ब्रश हाताशी असला तर वेल्डर दोन पासांच्या मधे घासतो. तो दहा पावलांवर असला तर घासत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे.

"मग ऑक्सिजन-डीएची टाकी पण ह्याच्यावरच ठेवूया की, जागा आहे," असंही तो म्हणाला. ते मात्र कधीच करू नये. काळी ऑक्सिजनची आणि मरून रंगाची डीएची, यांची ट्रॉली वेगळी, आर्कपासून दूर. डीएच्या टाकीत ॲसिटिलीन ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं असतं. टाकी आडवी पडली तर ॲसिटोन व्हॉल्व्हकडे येतं, म्हणून ती वाहून नेतानाही उभीच हवी, आणि आडवी राहिलेली टाकी काही तास उभी ठेवल्याशिवाय उघडू नये. आणि चाकांना ग्रीस लावायचं असतं, ते टाक्या उतरवून. ग्रीसचा हात ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला लागला, तर दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. ऑक्सिजनच्या ट्रॉलीवरची चिंधीसुद्धा वेगळी आणि धुतलेली असावी, इतका मी याबाबतीत कडक आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्येही सिलिंडर शक्यतो ट्रॉलीवरून न्यावेत आणि त्यांना हादरे बसू देऊ नयेत असं आहे. ते नियम राबवणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण शॉपमध्ये नियमाचं पुस्तक कोणी उघडत नाही. ट्रॉलीच अशी हवी की नियमाप्रमाणे वागणं हाच सोपा मार्ग ठरेल.

रंग करड्या ऑइल पेंटचा दिला, अर्थिंगची पट्टी उघडी ठेवून. मग भरलेली टाकी चढवली. कार्बन डायऑक्साइडचा काटा आतला द्रव संपेपर्यंत जवळजवळ एकाच जागी असतो, त्यामुळे टाकी किती भरलेली आहे ते काट्यावरून कळत नाही. ट्रॉलीने ती नेहमी भरलेलीच समजायची. ब्रेक लावून टाकीच्या खांद्याशी आडवं ढकलून पाहिलं, दोन्ही बाजूंनी. मग शटरच्या चॅनलवरून बाहेर आणि परत आत, आधी सरळ, मग तिरकं, कारण घाईत कोणी सरळ जात नाही. तिरक्यात पुढचं डावं चाक चॅनलच्या खाचेत अडलं. ट्रॉली कलली नाही, पण पुरता धक्का बसला. त्या बाजूला चॅनलला ३ मिलिमीटर पत्र्याचा छोटा उतार वेल्ड करून दिला. गॅस कटिंगच्या ट्रॉलीसाठी पाइप कापून ठेवले आहेत. तिला पुढेही आठ इंचीच चाकं घालू, असं भाच्याने स्वतःहून सांगितलं. आता तिचा आस किती लांब हवा, ते दोन टाक्या शेजारी उभ्या करून आम्ही रविवारी मोजणार आहोत.