बॅटरीवरची निळी ‘बुरशी’

आमच्या पालीत पावसाळा आला की विजेचा लपंडाव ठरलेलाच. म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आलेत. त्याची बॅटरी जरा निरखून पाहा, पण लांबूनच हं! वायर जोडलेल्या टोकांशी पांढरी नाहीतर निळसर-हिरवी पूड दिसेल. वर्गातला एक जण म्हणाला, “बाई, बॅटरीला बुरशी आली!” कोकणात चपलांनासुद्धा बुरशी येते, त्याला तसं वाटणारच.

पण ही बुरशी नव्हे. बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेलं गंधकाम्ल असतं. चार्जिंग होताना वायूचे बुडबुडे उठतात, त्यांच्याबरोबर आम्लाचे बारीक तुषार बाहेर येतात. तांब्याला लागले की निळसर क्षार, शिशाला लागले की पांढरा. हा थर वीज अडवतो, जोड तापतो आणि ऐन अंधारात दिवा लागत नाही.

पूड दिसायला छान, पण बोट लावायचं नाही. आम्ल भाजतं, शिसं विषारी. सफाई मोठ्यांनीच करायची, हातमोजे आणि चष्मा घालून. आधी इन्व्हर्टर आणि मेन स्विच बंद. ऋण टोकाची वायर पहिली सोडायची, मग धन टोकाची, जोडताना उलट. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने लावला की फसफसतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि आम्ल मरतं. सोडा बॅटरीच्या आत मात्र थेंबभरही जाऊ द्यायचा नाही. नंतर ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून, जोडणी झाल्यावर पेट्रोलियम जेली.

बुडबुड्यांत हायड्रोजनही असतो, ठिणगीने भडकणारा. तेव्हा खिडकी उघडी, समई दूर. आणि तुम्ही? दारात उभं राहून टॉर्च धरायचा!