सवलतीचं कार्ड

आपल्या प्रत्येकाच्या ऑफिसमध्ये ‘डिस्काउंट गुरू’ नावाचं एक पात्र असतंच. लंच मागवायचा म्हटलं की याच्या मोबाइलमध्ये तीन कूपन कोड तयार. सिनेमाचं तिकीट, कॅब, जिमची मेंबरशिप... पूर्ण पैसे भरणं म्हणजे याला स्वत:चा अपमान वाटतो. आमच्या टीममध्येही असा एक आहे. एकदा कॅन्टीनमध्ये (ऑफिसच्या, हां!) गप्पा मारताना माझ्या तोंडून निघून गेलं, की माझे बाबा फौजेत होते. झालं! पठ्ठ्याचे डोळे चमकले. ‘‘म्हणजे तुझ्याकडे सीएसडीचं कार्ड असणार! यार, मला एक एसी काढून दे ना!’’

अशी फर्माईश मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. आमच्याकडे गावात ही फर्माईश वीस वर्षं येतेय. फक्त तिथे एसी नसायचा, रम असायची.

गाव म्हणजे केळापूर. यवतमाळ जिल्ह्यात, नागपूर-हैदराबाद हायवेवर. जगदंबेच्या देवळामुळे नवरात्रात गजबजणारं, एरवी कापसाच्या भावाची चिंता करत बसलेलं. आमच्या गावाचं एक भारी दु:ख आहे. तालुका आमच्या नावाचा, पण तहसील, बसस्टॅण्ड, बाजार सगळं शेजारच्या पांढरकवड्यात. असो.

बाबा १९८१ मध्ये ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’मध्ये भरती झाले आणि २००५ मध्ये हवालदार म्हणून रिटायर होऊन घरी आले. सोबत एक काळी ट्रंक, पहाटे चारला उठायची सवय आणि कॅन्टीनचं कार्ड. गार्ड्सचं सेंटर कामठीला, म्हणून कार्डही कामठीचं. कामठी म्हणजे नागपूरच्याही पलीकडे. दर दोन महिन्यांनी बाबा पहाटेच्या एसटीने निघायचे आणि रात्री दोन भरलेल्या पिशव्या घेऊन परतायचे. सुटीत मीही जायचे. साबण, टूथपेस्ट, चहापत्ती, खोबरेल तेल, बूटपॉलिश. आमच्या घरात बूटपॉलिश कधी संपलं नाही, घालायला बूट असोत-नसोत!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा सांगते. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजेच सीएसडी, हे संरक्षण मंत्रालयाचं खातं. १ जानेवारी १९४८ पासूनचं. मुख्यालय आपल्या मुंबईतच, चर्चगेटजवळ महर्षी कर्वे रोडवर, ‘अ‍ॅडेल्फी’ नावाच्या इमारतीत. हे खातं कंपन्यांकडून घाऊक माल घेतं, डेपोत उतरवतं आणि तिथून तो युनिटच्या कॅन्टीनमध्ये जातो. माल स्वस्त मिळतो त्याची कारणं दोन. एक म्हणजे देशभराची घाऊक खरेदी आणि जेमतेम नफा. त्या नफ्यातलाही वाटा जवानांच्या कल्याणावर खर्च होतो. दुसरं म्हणजे करातली सूट. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कॅन्टीनसाठी तो निम्मा माफ झाला. मॉलमधल्या सेलसारखी आधी किंमत चढवून मग लाल रेघ मारायची भानगड इथे नाही.

अमेरिकेत लष्करी तळांवर जी किराणा दुकानं असतात त्यांना कमिसरी म्हणतात. तिथे माल सवलतीच्या भावात आणि वर ठरलेला ५ टक्के अधिभार. शिवाय कंपन्यांची कुपनंही चालतात. फौजींच्या बायका रविवारच्या पेपरातून ती कात्रीने कापून फायलीत लावून ठेवायच्या. परदेशातल्या तळांवर तर मुदत संपून गेलेलं कूपनही सहा महिन्यांपर्यंत घेतात. आपला डिस्काउंट गुरू तिथे असता तर आनंदाने वेडा झाला असता! आपल्याकडे कात्री लागत नाही. कार्ड हेच कूपन. आधी ते पुठ्ठ्याचं होतं, त्यावर क्लार्क पेनने नोंद करायचा. मग चिपवालं स्मार्ट कार्ड आलं. किराण्याचं वेगळं, दारूचं वेगळं, आणि महिन्याला किती घ्यायचं त्याची मर्यादा रँकप्रमाणे.

आता रमची गोष्ट. बाबांचा कोटा होता, पण ते आणत नसत. गावाला वाटायचं, हवालदारसाहेब कंजूष आहेत. खरं कारण भूगोलात होतं. नागपूरहून केळापूरला यायचं तर रस्ता वर्धा जिल्ह्यातून, जाम आणि हिंगणघाटवरून. आणि वर्धा म्हणजे गांधीजींचा, विनोबांचा जिल्हा. तिथे १९७० च्या दशकापासून दारूबंदी! ‘फक्त सैन्यासाठी’ असा शिक्का असलेली बाटली पिशवीत ठेवून त्या जिल्ह्यातून एसटीने यायचं आणि वाटेत कुणी पिशवी उघडायला लावली तर कार्ड, बिल, ओळखपत्र काढून समजावत बसायचं, हे चोवीस वर्षं वर्दीत काढलेल्या माणसाला झेपणारं नव्हतं. ‘‘माझी झडती कोणी कायले घ्यावी?’’ एवढंच म्हणायचे. पिणाऱ्यांच्या जगात मात्र हे स्पष्टीकरण कधीच चाललं नाही.

रमवरून नुसते टोमणे मिळाले. मोटरसायकलवरून नातं तुटलं.

माझ्या चुलत्यांच्या मुलाला गाडी घ्यायची होती. कॅन्टीनमधून घेतली तर बरेच हजार वाचत होते. गाडी, फ्रिज, एसी अशा मोठ्या वस्तू कॅन्टीनच्या शेल्फवर नसतात. आधी मागणी नोंदवायची, पैसे भरायचे, मग डीलरकडून उचलायची. कागदं कार्डधारकाच्या नावाची. चुलते म्हणाले, ‘‘नाव तुमचं राहू द्या, गाडी पोरगा चालवंल. कोणाले कळते?’’ बाबांनी नाही म्हटलं. सवलतीचा माल दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही, कार्ड रद्द होऊ शकतं. पण कार्ड जाईल ही भीती त्यांच्या बोलण्यात नव्हतीच. ते म्हणाले, ‘‘हे माझं नाही. माझ्यासोबत जे होते त्यांचंही आहे.’’ चुलते दोन वर्षं आमच्याकडे आले नाहीत. पोळ्याच्या दिवशी बैल दारावरून पुढे गेले, आमच्याकडे थांबले नाहीत. गावात राहिलेल्यांनाच कळेल, हे किती लागतं.

२०१९ मध्ये बाबा गेले.

फौजी गेला तरी त्याच्या बायकोचा कॅन्टीनचा हक्क राहतो. मात्र तो आपोआप चालत येत नाही. यवतमाळला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, पेन्शनची कागदं, मृत्यूचा दाखला, फोटो, पुन्हा फोटो. एका ठिकाणी (नाव नको) एका बाबूने आईला तीनदा परत पाठवलं. नावात एक वेलांटी वेगळी होती म्हणून. माझी आई सातवी शिकलेली. तोवर ती एकटी यवतमाळच्या पुढे गेली नव्हती. शेवटी कार्ड आलं. त्यावर तिचा फोटो. घाबरलेला, डोळे मोठे केलेला, पण तिचा!

मला वाटलं होतं, कार्ड ट्रंकेत जाईल. २०२१ मध्ये कोरोनाचं जरा निवळल्यावर एके दिवशी आईचा फोन, मागे एसटीचा खडखडाट. ‘‘कामठीले चालली.’’ एकटी? ‘‘मंग? तुह्या बाबासोबत कोण जात होतं?’’

मी पुण्यात, हिंजवडीत, दिवसभर एक्सेलमध्ये. मला हे पटेना. पहाटे उठून दीडशे किलोमीटर जायचं, रांगेत टोकन घ्यायचं, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत. कशासाठी? जानेवारी २०२३ मध्ये मी गावी होते तेव्हा सरळ हिशेबच मांडला. तिच्या बिलावर एमआरपीपेक्षा ६४० रुपये वाचले होते. जायचं-यायचं एसटीचं तिकीट साधारण साडेचारशे. नागपुरात मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आणि पुढे ऑटो, दोन्ही वेळचे मिळून १२० रुपये. चहा-पोहे ५०. म्हणजे वाचले किती? २० रुपये! मी मोबाइल तिच्यापुढे धरला. ‘‘आई, वीस रुपयांसाठी अख्खा दिवस? मी सगळं ऑनलाइन पाठवते, घरपोच.’’

आईने मोबाइलकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘पोह्याचे काऊन धरले? घरी का उपाशी राह्यते मी?’’

दोन महिन्यांनी, १७ मार्च २०२३ पासून, एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. सव्वादोनशे रुपये तिथेच वाचले. वीसाचे २४५ झाले! पोहे धरूनही. त्या दिवशी आईचा फोन आला तो माझी ख्यालीखुशाली विचारायला नव्हता, हे सांगायला नकोच. ‘‘मांड आता तुहा हिशेब.’’

मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि गणित पुन्हा फिरलं. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांच्यावरचा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला. सगळ्यांसाठीच चांगली गोष्ट. पण कॅन्टीनवाल्यांचं बघा. शंभर रुपयांच्या मालावर पूर्वी १८ रुपये कर, त्यातले नऊ माफ. आता कर पाच, माफ अडीच. करातून मिळणारा फायदा नऊवरून अडीचवर! उरतो तो घाऊक खरेदीचा फायदा. मधल्या काळात एसटीही महागली. सुपरमार्केटमध्ये वीकेण्डला ‘एकावर एक फ्री’ लागलं तर ते कॅन्टीनला आरामात हरवतं, हे मी स्वत: बिलं शेजारी ठेवून पाहिलंय. म्हणून कुणी मला ‘कॅन्टीनचा किराणा वर्थ आहे का’ विचारलं तर मी सांगते, कॅन्टीन घरापासून रिक्षाच्या अंतरावर असेल तर डोळे मिटून जा. दीडशे किलोमीटरवर असेल तर कागद-पेन घेऊन बसा.

हे सगळं मी आईलाही सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग तिची बाजू मांडली, म्हणजे बाजू अशी नाहीच, नुसती माहिती. कॅन्टीनच्या दिवशीच ती ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून बीपीच्या गोळ्या घेते. म्हणजे तिकीट काही नुसत्या साबणावर टाकायचं नाही. रांगेत भंडाऱ्याची एक आणि काटोलकडची एक अशा दोघी भेटतात, दोघींचेही नवरे फौजेतले, दोघीही आता एकट्या. तिघींनी दिवस ठरवून घेतलाय. महिन्याचे शेवटचे दिवस टाळायचे, कारण तेव्हा स्टॉक मोजायला कॅन्टीन बंद असतं. डबे वाटून खातात. आणि काउंटरवर कार्ड लावलं की स्क्रीनवर नाव येतं.

‘‘कोणाचं, बाबांचं?’’

‘‘माहं.’’

त्यानंतर मी ऑनलाइन किराण्याचा विषय काढला नाही. खरं तर तो विषय माझ्या हातात कधी नव्हताच. कमावत्या मुलीचा त्या कार्डावर काडीचा हक्क नाही, आणि आई त्यात बाबांपेक्षा कडक आहे. मागच्या दिवाळीत तिच्याकडची साबणाची वडी मी बॅगेत टाकली तर म्हणाली, ‘‘ठेव. तुले पगार हाय.’’ डिस्काउंट गुरूला मी हे सांगितलं. तो खूप हसला. एसी त्याने बॅंक ऑफरमध्ये घेतला, सहा महिन्यांच्या ईएमआयवर.

गेल्या महिन्यात चुलत्यांचा तो मुलगा घरी येऊन गेला. आता त्याच्या स्वत:च्या पैशांची गाडी आहे. आईला पांढरकवड्याच्या स्टॅण्डवर पहाटे तोच सोडतो आणि रात्री घ्यायलाही येतो. मोटरसायकलवर मागे आई, मांडीवर पिशवी.

सध्या आमच्या घरी फ्रिजचं चाललंय. जुना बाबांनी घेतलेला, आता त्यात बर्फ सोडून सगळं वितळतं. इथे मात्र कॅन्टीनचा फायदा खराखुरा आहे. फ्रिजवर अजूनही १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे निम्मा माफ झाला की वीस हजारांच्या मालावर करातच १८०० रुपये सुटतात, आणि पिशव्या उचलायच्या नाहीत. अशा मोठ्या वस्तूंसाठी जानेवारी २०२१ पासून ऑनलाइन पोर्टलही आहे. मी पुण्यातून लॅपटॉप उघडून बसते, आई फोनवर. कार्डाचा नंबर ती न बघता सांगते. नाव टाकताना दोनदा विचारलं, वेलांटी बरोबर टाकली ना. पैसे तिच्या पेन्शन खात्यातून जाणार, मी भरते म्हटलं तर फोन ठेवून देईन म्हणाली.

अडलंय ते रंगावर. तिला लाल पाहिजे, फुलांचा. यादीत मला अजून तरी करडाच दिसतोय.