कपाट सुताराचे, चूक माझी

गेल्या मार्गशीर्षात धाकट्या लेकीचे लग्न झाले. पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी तिचे कपाट टेंपोत चढवायला चार माणसे लागली. टेंपोवाला म्हणाला, "तालुक्याला तयार कपाट मिळतं की! हे ओझं कशाला?" मी काही बोललो नाही. त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते, म्हणून येथे लिहितो आहे.

वडिलांनी बांधावर सागाची चार झाडे लावली होती. नऊ वर्षांपूर्वी थोरल्या मुलाचे लग्न ठरले, तेव्हा मी त्यातले एक श्रावणात पाडले. लग्न माघात. गावच्या सुतारतात्यांना बोलावून म्हटले, "दोन महिन्यांत कपाट करा." त्यांनी फळीवरून हात फिरवला. "दादा, लाकूड ओलं आहे. एक वर्ष तरी वाळू द्या. आणि हा कडेचा पांढरा भाग काढून टाकू, त्याला कीड लागते." मी उसळलो. म्हटले, "तुम्ही कामाचं बघा, पैसे मी देतोय." पांढरा भागही मीच ठेवायला लावला, फळ्या जास्त निघाव्यात म्हणून.

पुढच्या वैशाखात दारे आकसून फटी पडल्या. एक फळी उभी चिरली. पावसाळ्यात कडेच्या लाकडातून पिवळा भुसा गळू लागला. मी चावडीवर चार माणसांत म्हणालो, "सुताराने फसवलं." राहिलेले साडेतीन हजार रुपये दिले नाहीत. तात्या मागायलाही आले नाहीत. एकाच गावात राहून आम्ही तोंड चुकवत होतो.

त्यांच्या वडिलांना आमच्या खळ्यावर बलुते मिळे. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी, सारे त्यांच्या हातचे. पुढे लोखंडी अवजारे आली, ट्रॅक्टर आला. तात्यांना दारे, खिडक्या, कपाटे एवढेच काम उरले होते, आणि त्यातही गावात त्यांचे नाव मी खराब केले होते.

मध्यंतरी सुनेसाठी शहरातून भुशाच्या दाबलेल्या फळीचे चकचकीत कपाट आणले. ते न्हाणीच्या भिंतीला लागून ठेवले होते. दोन पावसाळ्यांत तळाची फळी पाणी पिऊन पावासारखी फुगली. त्या वेळी मात्र मला दोष द्यायला कोणी सापडले नाही. मग रात्री पडल्या पडल्या जुन्या कपाटाची आठवण आली. ओले लाकूड कोणी दिले होते? मीच.

धाकटीचे लग्न दोन वर्षांनी करायचे ठरले, तेव्हा झाडाला हात लावण्याआधी तात्यांच्या दारात गेलो. त्यांनी पाट दिला, पाणी दिले. जुना विषय काढला नाही. एवढेच विचारले, "कागद केलाय का?" साग स्वतःच्या बांधावरचा असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९६४ चा कायदा आहे. लाकूड वाहून न्यायलाही पास लागतो. ते सारे वनखात्याच्या कचेरीतून रीतसर केले.

फाल्गुनात पानगळीनंतर झाड पाडले. बुंध्याचा मधला घेर चार फूट, लांबी आठ फूट. तात्यांनी हिशेब समजावला : घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचे, मग लांबीने गुणायचे. म्हणजे आठ घनफूट. मिलवरून इंचाच्या फळ्या पाडून आणल्या. पडवीत विटांवर रचल्या, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवल्या म्हणजे वारा खेळतो, वर दगडांचे ओझे ठेवले म्हणजे फळी वाकत नाही. टोके आधी वाळून चिरतात, म्हणून टोकांना रंग फासला. एक फळी दर महिन्याला धान्याच्या काट्यावर तोलायची. वजन घटायचे थांबले की लाकूड वाळले. असे चौदा महिने गेले. मी एकदाही घाई केली नाही.

कामाला बसण्याआधी तात्यांनी लेकीला बोलावले. "बाई, हात वर कर." तिची बोटे जिथे पोचली, त्याच्या खाली चार बोटे वरच्या खणाची खूण केली. "काय काय ठेवणार यात?" ती नर्सिंग शिकलेली. म्हणाली, "साड्या दोन खण, पुस्तकं एक खण, आणि कागदपत्रांना कुलपाचा कप्पा." पुस्तकांच्या खणाला त्यांनी मधे आधार दिला, ओझ्याने फळी झोल खाते म्हणून. सासरच्या खोलीची भिंत आणि दाराची रुंदी मोजायला स्वतः एसटीने जाऊन आले. दुकानात माणसाचा हात कुठवर पोचतो हे कोणी विचारत नाही.

पांढरा भाग सारा काढून टाकला. सांध्यांना कुसू आणि खाच, वर लाकडी मेख. दाराच्या मधल्या फळ्या मात्र चौकटीच्या खोबणीत मोकळ्या ठेवल्या. "लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. त्याला हलायला जागा द्यायची. बांधून घातलं की फाटतं," ते म्हणाले. मी मान खाली घातली.

काम झाले त्या दिवशी ठरलेल्या मजुरीसोबत जुने साडेतीन हजार वेगळे पुढे ठेवले. तात्यांनी दोन्ही रकमा शांतपणे मोजल्या, खिशात ठेवल्या आणि म्हणाले, "हे पैसे त्या वर्षी फार कामाचे होते, दादा. तेव्हा घरात दुखणं होतं." यावर मी काय बोलणार? पैसे परत करता आले. ते वर्ष परत करता आले नाही.

चार माणसांत बोललो होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी चावडीवर जाऊन चार माणसांतच चूक कबूल केली. त्यांतले दोघे तोवर वारले होते.

वाचकहो, घरात काही करून घ्यायचे असेल तर लाकूड आधी धरा, मुहूर्त मागाहून. आणि कारागीर "थांबा" म्हणाला तर थांबा. थोरल्याचे कपाट अजून माजघरात आहे. मोडीत काढू म्हटले, तर तात्याच म्हणाले, "राहू द्या. आता ते पुरतं वाळलंय. चिरलेली फळी तेवढी बदलून देतो." येत्या फाल्गुनात ते त्या कामाला येणार आहेत.