वितळवायचं नाही

तारोडीच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम फार दिवस सुखाने नांदत नाही. उत्तनच्या बोटींवरच्या पंपांची हाऊसिंग माझ्याकडे येतात, तेव्हा सील बसते त्या जागी पांढरी पूड धरलेली असते. खरवडली की खाली खड्डे. आर्गन वेल्डिंगने भरावं तर पातळ भिंत तापून वाकते. जुन्या कास्टिंगात मुरलेलं तेल फसफसून वर येतं आणि भरावात भोकं राहतात. कोल्ड स्प्रे मला पटला तो इथे.

यात धातू वितळवायचाच नाही. दाबाखालची हवा किंवा नायट्रोजन काहीशे अंश तापवायचा, मध्ये आवळलेल्या आणि पुढे रुंदावणाऱ्या नोझलमधून सोडायचा नि त्या झोतात धातूची पावडर द्यायची. सगळी मदार वेगावर. तांब्याच्या कणाला सेकंदाला ५०० मीटरच्या पुढे जावं लागतं. कमी पडला तर तो उसळून जातो, वर जॉब खरवडतो. वेग पुरला की आदळताना कण चपटा होतो, ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो आणि कोरा धातू कोऱ्या धातूला भिडतो. १९८०च्या दशकात नोव्होसिबिर्स्कला अनातोली पापिरिन आणि सहकारी विंड टनेलमध्ये धातूचे कण सोडून प्रवाह अभ्यासत होते; कण मॉडेलवर चिकटून बसू लागले, तिथून ही रीत निघाली.

ॲल्युमिनियमच्या पावडरीत आम्ही ॲल्युमिना मिसळतो. तो स्वतः फारसा चिकटत नाही, पण थर ठोकून घट्ट करतो आणि नोझल साफ ठेवतो. पावसाळ्यात पावडर दमट होते, फीडर अडखळतो, झोताच्या सलग आवाजाला मधेच धाप लागते. डोळ्याला काही कळायच्या आत कानाला कळतं. म्हणून पावडर आधी ओव्हनमध्ये सुकवायची, कॉम्प्रेसरला ड्रायर हवाच. (आणि धूळ ओढणारा पंखा कधीही बंद नाही. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत साठली तर स्फोटाला एक ठिणगी पुरते.)

याच तत्त्वावर अख्खे भागही छापतात. ऑस्ट्रेलियाच्या स्पी-थ्रीडी कंपनीचं यंत्र तिथल्या लष्कराने २०२० साली मैदानात नेऊन पाहिलं. लेझरने पावडर वितळवणाऱ्या प्रिंटरपेक्षा हे काम कितीतरी झटपट होतं, पण कडा ओबडधोबड येतात, मशिनिंग चुकत नाही. भट्टीत अनिलिंग केल्याशिवाय भाग ठिसूळच. माझ्या मते याचा खरा हात डागडुजीत आहे, तीही नेमकी: झिजलेली बैठक, खाल्लेली कड. कुणी क्रँकशाफ्टसारखा सतत भार सोसणारा भाग घेऊन आला तर मी हात लावत नाही.