ऊन कुठं येतं, ते वन्संना विचारा!

भोरहून वेल्ह्याकडे निघालं की आधी कापूरहोळ, मग नसरापूरजवळचा चेलाडी फाटा. तिथून पश्चिमेला वळलं, की थोड्याच वेळात डोंगर भेटायला येतात. पुढं तोरणा, डाव्या हाताला राजगड. तालुक्याचं नावही आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच, बरं का!

माझ्या थोरल्या नणंदेचं सासर इकडंच. कौलारू घर, पुढं अंगण, मागं गोठा आणि खळं. भोरजवळ भाटघरचं 1928 सालचं धरण, त्याच्या पायथ्याशी वीजघर. पण वन्संच्या वस्तीवर पाऊस सुरू झाला की दिवे जातात, ते कधी कधी दोन-दोन दिवस येत नाहीत. त्यात भाचीचं दहावीचं वर्ष. म्हणून नणदोईंनी मे महिन्यात दोन सौर पॅनेलं, बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून सगळं घरच्या घरी बसवलं. कुठं? तर पुढच्या छपरावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं!

मे-जूनमध्ये झकास चाललं. मार्गशीर्षात मात्र रात्री आठलाच दिवे मान टाकू लागले. बॅटरी खराब म्हणावी, तर ती नवी. दोष होता अंगणाच्या दक्षिणेला असलेल्या फणसाच्या सावलीचा. आपल्याकडे मेच्या मध्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली. डिसेंबरात तो इतका दक्षिणेला कलतो, की भर दुपारीसुद्धा माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते, मग फणसाची केवढी! आणि पॅनेलमधल्या पेशी माळेसारख्या ओवलेल्या असतात. एका कोपऱ्यावर सावली आली, तरी पुष्कळशी वीज अडते.

नणदोई म्हणाले, फणस तोडू. तो वन्संच्या सासूबाईंनी लावलेला. झालं, दोन दिवस घरात अबोला! मी गेले ती नेमकी त्याच दिवसांत. शेवटी वन्संच म्हणाल्या, "मी थंडीत गोधड्या कुठं वाळत घालते, ते कधी बघितलंय का?"

मैत्रिणींनो, गोधड्या आणि भात वाळायचा तो गोठ्यामागच्या खळ्यावर. तिथं सकाळी नऊपासून चारपर्यंत ऊन हलत नाही. गेली वीस वर्षं वन्संना ते ठाऊक होतं, पण त्यांना विचारलं कुणी?

आता पॅनेलं खळ्याच्या कडेला लोखंडी घोडीवर आहेत. तोंड दक्षिणेला, उतार साधारण अठरा अंशांचा. घोडी म्हशीच्या शिंगांना लागणार नाही इतकी उंच, आणि पाय काँक्रीटमध्ये पुरलेले, कारण इथला वारा पॅनेल पतंगासारखं उचलेल. खालून हवा खेळते, तेही बरं. पॅनेलला ऊन हवं, पण ते तापलं की वीज कमी देतं. घरापर्यंतची तार वाढली म्हणून ती जाड घ्यावी लागली, तेवढा खर्च झाला. 2024 सालच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान सरकारी तारेला जोडलेल्या पॅनेलना असतं, अशा स्वतंत्र मांडणीला नाही.

जोडणी करताना पॅनेलवर जाड गोधडी टाकायला विसरू नका. उजेड पडला की त्यात वीज असतेच. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. पाण्याची बॅटरी चुलीजवळ किंवा बंद खोलीत नको. तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून वन्संनी ती हवेशीर पडवीत ठेवलीय. आणि मिक्सर, इस्त्री विसरा! दोन एलईडी दिवे, एक कमी विजेचा पंखा, मोबाइल, एवढंच. वेल्ह्याच्या पावसात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा पंखासुद्धा बंद.

भोरला परतल्यावर मी आमच्या गच्चीवर खडू घेऊन गेले. नऊ, बारा आणि तीनला पाण्याच्या टाकीची सावली आखली. यजमानांनी हेरलेली जागा नेमकी टाकीच्या उत्तरेला निघाली! आता पॅनेल दक्षिणेच्या कठड्यापासून थोडं आत बसेल. त्याच्या मागची जागा कुरडयांसाठी मी आधीच सांगून ठेवलीय.