निवासी इमारतीतील रुग्णालय आणि पर्यावरण : पूनम सागरचा अनुभव

पर्यावरणस्नेही रुग्णालय म्हटले की मुंबईत कुर्ल्याच्या कोहिनूर रुग्णालयाचे नाव घेतले जाते. ऊर्जा, पाणी व बांधकाम-साहित्याच्या वापरावरून इमारतींची श्रेणी ठरवणाऱ्या 'लीड' या अमेरिकी पद्धतीत त्याला प्लॅटिनम हा सर्वोच्च दर्जा मिळाला. मीरा रोड पूर्वेच्या पूनम सागरसारख्या वसाहतींत मात्र पुष्कळसे उपचार निवासी इमारतींतले गाळे जोडून थाटलेल्या छोट्या नर्सिंग होममध्ये होतात, आणि अशाच एका ठिकाणी आप्ताच्या शुश्रूषेसाठी राहिलेल्या प्रस्तुत लेखिकेला पर्यावरणस्नेही रुग्णालयाचा प्रश्न नव्या बांधकामाहून जुन्या इमारतीच्या रोजच्या वापराचा अधिक आहे, असे दिसून आले.

तेथील वॉर्डच्या खिडक्या वातानुकूलनासाठी कायमच्या बंद केलेल्या होत्या, त्यामुळे भर दुपारीही दिवे जळत. भिंतीवरचे साधे वातानुकूलन यंत्र बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा गार करून फिरवते. म्हणजे वीज खर्च होऊनही संसर्गाचा धोका उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेनुसार सर्वसाधारण वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला सरासरी ६० लिटर हवा खेळावी लागते, आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडता आल्या तर खाडीकडचा वारा ते काम विजेविना बऱ्याच अंशी करू शकतो.

कचऱ्याच्या बाबतीत तिथल्या मावशींची समज वाखाणण्याजोगी होती. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रक्ताने माखलेला कापूस, पट्ट्या यांसारखा पिवळ्या पिशवीतला कचरा मुख्यतः भट्टीत जाळला जातो, तर लाल पिशवीतले प्लॅस्टिक निर्जंतुक करून पुनर्चक्रणासाठी पाठवता येते. त्यामुळे पिवळ्या बादलीत पडलेला बिस्किटांचा पुडाही विनाकारण जळतो. हे ओळखून त्यांनी ती बादली खाटेजवळून हलवून ड्रेसिंगच्या ट्रॉलीशी ठेवली होती, जिथे नातेवाइकांचा हात सहसा पोहोचत नसे.

वीज व पाणी वाचवण्यातली खरी अडचण मात्र गच्चीची आहे. डॉक्टरांच्या मालकीचे असतात ते गाळे. गच्ची गृहनिर्माण संस्थेची, म्हणून सौर पॅनेल बसवायचे किंवा पावसाचे पाणी बोअरवेलकडे वळवायचे तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. आणि त्यासाठी रहिवाशांचा विश्वास हवा : प्रक्रिया न झालेला पिवळ्या पिशवीतला कचरा ४८ तासांहून अधिक साठवू नये, हा नियम काटेकोर पाळला गेला, पिशव्या जिन्यात रेंगाळल्या नाहीत, तरच रहिवासी त्या ठरावाच्या चर्चेला बसतात.