विमानतळाला एस्टी जाते का?

वाचकहो, तुमच्या भावकीतले एखादे पोर नोकरीसाठी परदेशी गेले असेल, तर त्याला पोचवायला किंवा आणायला तुम्हीही कधी ना कधी मुंबईच्या विमानतळावर गेला असाल. कसे गेलात? बहुतेक जण जीप करून गेले असतील. पोचवायचे एकाला आणि जीपमध्ये माणसे दहा. विमान मध्यरात्री, आणि ड्रायव्हर दिवसभर दुसरे भाडे मारून आलेला. या प्रवासाचे दोन शब्द आज तुमच्याशी बोलावेत असे वाटले.

आमचे गाव कराडजवळ. घरातली विमानतळाची पहिली फेरी २००९ सालची. थोरले बंधू वारल्यावर त्यांचा मुलगा संतोष आखातात कामाला निघाला. तेव्हा आम्ही आगगाडीने गेलो. दादरला उतरलो, सामान डोक्यावर घेऊन पूल ओलांडला, लोकलने अंधेरी गाठली आणि तिथून सहारला रिक्षा. ऐकायला सोपे आहे. पण सकाळच्या वेळी दादरच्या लोकलमध्ये दोन ट्रंका आणि वहिनींना चढवून पाहा! तीन गाड्या डोळ्यांदेखत गेल्या. विमानतळावर पोचलो तेव्हा संतोषला धावतच आत जावे लागले. वहिनींनी रात्रभर जागून केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा त्यांच्या हातातच राहिला. परतीच्या गाडीत त्यांनी तो कोणालाही उघडू दिला नाही.

म्हणून २०१३ साली तो सुट्टीवर यायचा होता तेव्हा सर्वांनी ठरवले, आता जीपच करायची. साडेसात हजार रुपये भाडे ठरले. येताना पहाटे खंबाटकी घाटात ड्रायव्हरचा डोळा लागला. जीप कठड्याला घासत गेली आणि थांबली. कठडा होता म्हणून आज हे लिहायला मी आहे. वहिनींचा उजवा हात मोडला. चार वर्षांनी आलेला मुलगा, त्याची निम्मी सुट्टी दवाखान्याच्या बाकावर गेली. तो हात अजूनही पुरता वर जात नाही. भाकरी थापताना त्या डाव्या हाताचाच जोर लावतात. ड्रायव्हरला मी दोष देत नाही. दोन दिवस तो झोपलाच नव्हता, आणि हे माहीत असून त्याला गाडीवर बसवणारे आम्हीच होतो.

त्या दिवसापासून वहिनींनी जीपचे नाव टाकले. बरी झाल्यावर एकदा मला म्हणाल्या, "भावजी, येवढं मोठं इमानतळ बांधलं म्हन्त्यात, मग तितं येष्टी न्हाई का जात? आगगाडी न्हाई का जात? ज्या गावाला येष्टी जात न्हाई, त्या गावाला कुनी पोरगी देत न्हाई!"

मी हसलो खरा, पण उत्तर सुचले नाही. गंमत बघा. मुंबईत रेल्वे आधी आली, विमानतळ कितीतरी वर्षांनी. सांताक्रूझचा विमानतळ १९३० नंतरच्या दशकातला. विलेपार्ले आणि अंधेरीची स्टेशने त्याच्या उशाला आहेत. तरीही रूळ विमानतळाच्या दारापर्यंत कोणी नेले नाहीत. मद्रासकडे असे नाही. रामेश्वरच्या यात्रेला गेलो होतो तेव्हा तांबरमच्या लोकलमधून मी पाहिले, तिरुसुलम नावाचे साधे स्टेशन आहे आणि त्याच्या समोर, हमरस्त्यापलीकडे विमानतळ. वळकटी खांद्यावर घेऊन लोकलमधून उतरायचे आणि चालत जायचे. त्यात ना संगमरवर ना काच. पण गरिबाची सोय झाली.

मुंबईत २०१४ साली वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंत पहिली मेट्रो सुरू झाली. तिच्या एका स्टेशनाचे नाव एअरपोर्ट रोड. हे मी पेपरात वाचले आणि २०१६ साली मोठ्या शहाणपणाने सगळ्यांना तिकडून नेले. आता शहाण्याची फजिती ऐका. नावात विमानतळ असला तरी परदेशच्या विमानांचा विमानतळ तिथून मैलभर लांब! ओझी घेऊन उन्हात काही अंतर चाललो आणि शेवटी रिक्षाच केली. वहिनी एवढेच म्हणाल्या, "आपल्या कराड रोडवर उतरलं म्हंजे कराड आलं व्हय?"

आता अलीकडची गोष्ट सांगतो. मुंबईत जमिनीखालून नवी मेट्रो झाली आहे. आरे ते कफ परेड, साडेतेहेतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशने. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये चालू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पुरी झाली. या मेट्रोला विमानतळाची दोन स्टेशने आहेत, एक टर्मिनल १ चे आणि एक टर्मिनल २ चे. परदेशच्या विमानासाठी टर्मिनल २ ला उतरायचे. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे तिचे एक स्टेशन बोरीबंदरला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संतोष तिकडची नोकरी सोडून कायमचा घरी यायचा होता. विमान रात्री दोनला उतरणार. वहिनी म्हणाल्या, "मी येनार. पन जीपनं न्हाई." मी त्यांना घेऊन कोयना एक्सप्रेसने निघालो. गाडीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सांगितले, "दादरला उतरा, तिथेही मेट्रो आहे." मेट्रो आहे हे खरे, पण ती दादरच्या पश्चिमेला, रेल्वे स्टेशनापासून दूर आहे. ओझे असेल तर तिकडे जाऊ नका. दादर सोडून पुढे बोरीबंदरपर्यंत जायचे आणि पुन्हा उलटे उत्तरेकडे यायचे, हे वेड्यासारखे वाटते. पण तिथे सामान घेऊन रस्त्यावरची गर्दी तुडवावी लागत नाही. कल्याणकडून लोकलने येणाऱ्यांनी घाटकोपरला उतरून पहिली मेट्रो धरावी आणि मरोळ नाक्याला बदलावी. तिथून टर्मिनल २ पुढचेच स्टेशन आहे. खानदेशातून मुंबई सेंट्रलला येणाऱ्यांना तिथेच मेट्रोचे स्टेशन मिळते.

सामान यंत्रातून तपासून घेतात. त्यात लाडवांचा डबा गेला तेव्हा वहिनींचा जीव वरखाली झाला. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला त्या तयार होईनात, म्हणून लिफ्टने गेलो. तिकीट माणशी शंभराच्या आतले, वेळ पाऊण तास. साडेसात हजारांची जीप आठवली आणि मी गप्प बसलो.

पण एक अडचण तुम्हाला सांगितलीच पाहिजे. ही मेट्रो पहाटे सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी सुटते. रविवारी सकाळी ती आणखी उशिरा निघते. आखाताची विमाने मात्र पुष्कळदा ऐन रात्रीची. म्हणजे ज्या वेळी ड्रायव्हर पेंगतो, नेमक्या त्याच वेळी मेट्रो झोपलेली असते. विमानतळ रात्रभर जागा असतो, मग त्याच्या दारातून रात्री तासाला एक तरी गाडी बोरीबंदरला का सुटू नये? आपल्याला वातानुकूलित डबा नको. सामान ठेवायला जागा आणि पहाटेच्या गाड्यांशी जुळणारी वेळ हवी.

हे आत्ताच बोलायला हवे, कारण पनवेलजवळचा नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. त्याच्यासाठी अकराशे साठ हेक्टर जागा लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, गावेच्या गावे उठली. उठलेल्या गावांत एक तरघर. उरणच्या लोकलवर आज त्या नावाचे स्टेशन आहे. गाव गेले, नाव स्टेशनाला राहिले. दोन्ही विमानतळ जोडणारी मेट्रोही ठरते आहे. ती होईल तेव्हा होईल. पण सातारा, सांगली, कोल्हापूरच्या एस्टी आजही पनवेलवरूनच मुंबईला जातात. त्या उतारूंना विमानतळाच्या दारात कसे सोडणार, याचा विचार रस्ते कोरे आहेत तोवर झाला तर बरे. आपल्या आमदार-खासदारांना लग्नाकार्यात भेटाल तेव्हा विचारा. ते स्वतः मोटारीने जातात, त्यांच्या ध्यानात येणार नाही.

तर संतोष तीनच्या पुढे बाहेर आला. वहिनींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, डावा. मोटारवाले भोवती जमले, "कराड का? लगेच निघू." संतोषने माझ्याकडे पाहिले. वहिनींनी पिशवी मांडीवर घेतली आणि तिथेच बैठक मारली. "सकाळच्या गाडीनं जायचं," म्हणाल्या. तिघांनी तिथेच पहाट काढली. पहिल्या मेट्रोने बोरीबंदरला आलो, सकाळची कोयना धरली. कल्याणच्या पुढे गाडी मोकळी झाली तेव्हा वहिनींनी डबा उघडला. डिंकाचे लाडू होते. सोळा वर्षांपूर्वीचे कोणी काही बोलले नाही. संतोषने दोन खाल्ले आणि तिसरा हातात धरूनच झोपी गेला. दिवस मावळायच्या आत आम्ही कराडला उतरलो. फलाटावर त्याची बायकापोरे उभी होती.